ठेका बदलतो, आजार सोबत राहतो

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी त्रेसष्ट वर्षांच्या एक बाई आपल्या मुलासह माझ्या दवाखान्यात आल्या. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या आणि चहाचा कप धरताना तो निसटला होता. रक्तदाब पाहिला, तो २१० आणि १२० भरला. बोलताना शब्द किंचित अडखळत होते. त्यांना तातडीने भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठविले. वेळेवर उपचार मिळाल्यामुळे त्या बचावल्या. आज त्या स्वतःच्या पायांनी चालत येतात. मात्र उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिलेली नाही.

त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या मी नऊ वर्षांपूर्वी सुरू केल्या होत्या. त्या कधी चुकवीत नसत. मग असे का व्हावे? दुसऱ्या भेटीत मुलाला बाहेर बसवून मी शांतपणे विचारले, तेव्हा त्यांनी खरे सांगितले. गेला दीड महिना त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. "पोराचा जुना ठेका संपला, नवीन लागायचा होता. म्हटलं, तेवढे दिवस पुरवून पुरवून घेऊ."

मुलगा नागपुरात संगणकावर इमारतींचे आराखडे काढण्याचे काम करतो. अकरा महिन्यांच्या करारावर. आधीच्या करारात आई-वडिलांसह सर्वांचा सामूहिक आरोग्य विमा होता. नव्या कामात पैसे अधिक होते, म्हणून त्याने ते स्वीकारले. दोन कामांच्या मध्ये सहा आठवड्यांचा खंड पडला आणि विमा संपला. आईला काळजी नको म्हणून त्याने विम्याचे सांगितले नाही. मुलाला काळजी नको म्हणून आईने गोळ्यांचे सांगितले नाही. या दोन प्रेमळ मौनांच्या मध्ये तो झटका येऊन उभा राहिला.

वाचकहो, काम बदलणे हा दोष नव्हे. ठेक्यावर, करारावर किंवा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला चार पैसे अधिक मिळत असतील, तर त्याने काम बदलावेच. परंतु काम बदलताना आपण नव्या कामाचा दर पाहतो. जुन्या कामासोबत काय काय तुटते ते पाहत नाही. आणि जे तुटते त्याची पहिली झळ बहुधा घरातील वृद्धांना बसते. म्हणून हा लेख करारावर काम करणाऱ्या तरुणांइतकाच त्यांच्या आई-वडिलांसाठी आणि घरातील आजाऱ्याची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहे.

आपल्या जिल्ह्याचा जुना धडा

करारावरचे काम ही आजच्या पिढीची नवलाई नाही. भंडारा जिल्ह्यातील आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील हजारो घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूपाने. ठेकेदाराकडून माल आणायचा, घरी बिड्या वळायच्या आणि हजारामागे ठरलेल्या दराने मजुरी घ्यायची. या कामाला ना घड्याळ, ना कारखान्याचे दार. आजच्या भाषेत ज्याला घरून केलेले मुक्त काम म्हणतात, ते आपल्या आयाबहिणींनी फार पूर्वीपासून केले आहे.

अशा घरबसल्या काम करणाऱ्यांना कायद्याने कामगार मानावे की नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले. १९७७ मध्ये बिडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला. मालकांनी त्याला आव्हान दिले. परंतु घरी बसून काम करणारा आणि ठेकेदारामार्फत माल घेणारा कामगारही या निधीचा हक्कदार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून त्याला निवृत्तिवेतन योजनेची जोड मिळाली.

हक्क कागदावर आला; पण तो टिकवण्याची जबाबदारी कोणाची, हे आपल्या घरांत फारसे कोणी सांगितले नाही. वर उल्लेख केलेल्या बाईंनीही पंचवीस वर्षे बिड्या वळल्या. त्या काळात त्यांनी तीन ठेकेदार बदलले. दर वेळी कारण साधेच होते: हजारामागे थोडा जास्त दर, किंवा छाट म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या बिड्या थोड्या कमी. पहिल्याकडे सात वर्षे निधी कापला गेला. काम सोडताना मुलीच्या लग्नासाठी तो सर्व काढून घेतला. दुसऱ्याकडे सहा वर्षे कापला गेला. त्याचा खातेक्रमांक त्यांना कधी माहीतच नव्हता. तिसऱ्याकडे निधी कापलाच जात नव्हता, म्हणून हातात जास्त पडत होते आणि त्याचाच त्यांना आनंद होता.

आता हिशेब पाहा. या योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती सलग असण्याची किंवा एकाच मालकाकडे असण्याची अट नाही. फक्त आधीच्या सेवेचे पैसे काढून घेतलेले नसावेत आणि तिची नोंद पुढे जोडलेली असावी. सात आणि सहा मिळून त्यांची तेरा वर्षे होत होती. ती जोडली गेली असती, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून त्यांना निवृत्तिवेतन सुरू झाले असते. १ सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. रक्कम लहान आहे, हे मान्य. परंतु त्या बाईंच्या रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या त्यात सहज बसल्या असत्या. ज्या गोळ्या त्यांनी एक दिवसाआड घेतल्या, त्याच गोळ्या.

आणखी एक नोंद हरवली, ती तब्येतीची. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की जुना खोकला आणि दमा बळावतो. तंबाखूतील निकोटीन हाताच्या त्वचेतूनही शरीरात शिरते. तासन्‌तास वाकून बसल्याने मान, कंबर आणि बोटे दुखू लागतात. हे दुखणे पहिल्या ठेकेदाराकडे सुरू होते, दुसऱ्याकडे वाढते आणि तिसऱ्याकडे असताना माणूस दवाखान्यात येतो. खाणीत, दगड फोडण्याच्या कामावर किंवा कारखान्यात ठेक्यावर राबणाऱ्यांचेही तसेच. आजार माणसाच्या शरीरात मुक्कामाला राहतो. नोंद मात्र जुन्या ठेकेदाराच्या कपाटात राहते. मग उतारवयात हा आजार कामामुळे झाला, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

जास्त दराचा खरा हिशेब

हाच धडा आजच्या तरुणाला कसा लागू पडतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्याला कंत्राटी कामगार म्हणून दरमहा १५,००० रुपये वेतन आहे. निधीसाठी त्याच्या वेतनातून बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या हिश्श्यातील सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. कर्मचारी राज्य विमा लागू असेल, तर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे ११२.५० रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के म्हणजे ४८७.५० रुपये भरतो.

आता दुसरा ठेकेदार म्हणतो, "दोन हजार जास्त देतो, पण निधी नाही, विमा नाही. बिल द्या आणि पैसे न्या." कपात बंद झाल्यामुळे हातात जवळजवळ ३,९०० रुपये अधिक पडतात आणि घरात समाधान पसरते. परंतु त्यातील १,९०० रुपये त्याचेच होते. ते बचतीतून आणि विम्यातून खिशात आले, एवढेच. खरी वाढ दोन हजारांची आणि गमावला तो मालकाचा हिस्सा १,८०० अधिक ४८७.५०, म्हणजे २,२८७.५० रुपयांचा. वाढीव दराच्या या कामात तो महिन्याला २८७.५० रुपयांनी मागेच गेला. आजारपणातील रजा आणि आई-वडिलांच्या उपचारांचा हक्क गेला, तो निराळाच.

म्हणून नवा करार स्वीकारण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. मी कामगार म्हणून जाणार, की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल देणार? निधी भरला जाईल का? राज्य विमा किंवा सामूहिक विमा आहे का, आणि त्यात आई-वडील आहेत का? जुन्या विम्याचा शेवटचा दिवस कोणता आणि नव्याचा पहिला दिवस कोणता? पहिला पैसा हातात केव्हा पडेल? शेवटचे दोन प्रश्न सर्वांत कमी विचारले जातात आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त रुग्ण याच फटीत सापडतात.

विम्याची फट कशी बुजवावी

मालकाने घेतलेला सामूहिक आरोग्य विमा साधारणपणे काम संपताच संपतो. त्यानंतर घाईने नवी पॉलिसी घेतली, तरी आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागू होतो. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला आहे. मधुमेही वडिलांसाठी तीन वर्षे म्हणजे लहान काळ नव्हे. मात्र सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तेव्हा आधी काढलेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. त्यासाठी अर्ज विमा संपण्यापूर्वी करावा लागतो. म्हणून काम सोडण्याचे ठरताच, महिना-दीड महिना आधी, विमा कंपनीला लेखी विचारावे. अर्जात रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नये. लपविलेला आजार दावा करताना हमखास समोर येतो.

स्वतंत्र काम करणाऱ्याने तर आई-वडिलांचा विमा मालकावर कधीच सोपवू नये. कुटुंबाची एक स्वतःची पॉलिसी, लहान का होईना, सलग चालू ठेवावी. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळत नाही हा समज आता जुना झाला. ही वयाची मर्यादा २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. हप्ता मात्र वयानुसार वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना हा हप्ता झेपत नाही, त्यांनी शासकीय योजनांची कागदपत्रे आजार येण्यापूर्वीच तयार ठेवावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार तिच्यातून होतात. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. या दोन्ही सोयी मुलाच्या ठेक्यावर अवलंबून नाहीत, हेच त्यांचे मोठे मोल. पहिल्या योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर आणि आयुष्मान कार्डाची १४५५५ वर करता येते. आधार कार्ड आणि शिधापत्रिका यांवरील नाव व जन्मतारीख जुळते का, ते आजच पाहून घ्यावे. रुग्ण खाटेवर असताना नावातील वेलांटी दुरुस्त करीत फिरण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

औषधांना खंड नको

आता वैद्य म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा. पैशांची चणचण आली की घरातील वृद्ध सर्वांत आधी स्वतःच्या औषधांना कात्री लावतात आणि ते कोणाला सांगत नाहीत. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे म्हणजे अर्धा उपचार नव्हे. रक्तदाब चढउतार करीत राहतो आणि मेंदूच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण येतो. काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास छातीत दुखू शकते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली, तर स्टेंट बंद पडू शकतो. फीट येणाऱ्याने औषध सोडले, तर फीट परत येते. इन्सुलिन आणि दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड तर डॉक्टरांना विचारल्याविना एक दिवसही थांबवू नये.

पैसे अपुरे असतील, तर गोळी कमी करू नका, डॉक्टरांना सांगा. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय आम्ही लिहून देऊ शकतो. जनऔषधी केंद्रात तेच औषध बाजारातील नामांकित कंपनीच्या औषधापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळते. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. त्या बाईंच्या घरापासून आरोग्य केंद्र तीन किलोमीटरवर होते. त्यांना जायचा संकोच वाटत होता, कारण "मुलगा नागपुरात कमावतो, लोक काय म्हणतील?" लोक काहीही म्हणोत, मेंदूची रक्तवाहिनी लोकांचे ऐकत नाही.

ज्या घरात करारावरचे उत्पन्न आहे, तिथे घरखर्चाच्या पैशांतून दोन महिन्यांच्या औषधांची रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि तिला इतर कशासाठीही हात लावू नये. दर रविवारी गोळ्यांची पट्टी मोजावी. सात दिवसांत सात गोळ्या संपल्या नसतील, तर रागावू नये. जवळ बसून विचारावे.

आणि हेही लक्षात असू द्या: तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण आपोआप ओसरले, तरीही जावे.

घरातील एक वही

शेवटी एक साधी सवय. घरात शंभर पानांची एक वही करा. पहिल्या भागात घरातील प्रत्येकाने कोठे, कोणाकडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केले ते लिहा. निधीचा खातेक्रमांक, विम्याचा क्रमांक आणि कामात धूळ, धूर, रसायने होती का, हेही लिहा. निधीसाठी २०१४ पासून प्रत्येक कामगाराला एकच कायम क्रमांक मिळतो. नव्या ठेकेदाराला तोच क्रमांक द्यावा, नवा काढू देऊ नये. काम बदलताना जुना निधी काढून न घेता नव्या खात्यात वळवावा. दुसऱ्या भागात प्रत्येकाचे आजार, औषधांची नावे व मात्रा, न चालणारी औषधे, मागील तपासण्यांचे आकडे आणि विमा केव्हा संपतो ती तारीख लिहा.

ज्यांची जुनी खाती हरवली आहेत, त्यांनीही आशा सोडू नये. भविष्यनिर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हे शिबिर घेते. २७ ला सुटी असल्यास ते पुढील कामाच्या दिवशी होते. जुनी वेतनचिठ्ठी, बिडी कामगाराचे ओळखपत्र, ठेकेदाराच्या नोंदीचे पुस्तक, जे काही पेटीत असेल ते घेऊन जावे.

त्या बाईंनी तेच केले. लुगड्यांच्या पेटीच्या तळाशी त्यांना दुसऱ्या ठेकेदाराकडची एक पिवळी पडलेली निधीची चिठ्ठी सापडली. सहा वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळणार नाही, हे त्यांना मी आधीच सांगितले होते; पण त्या खात्यातील रक्कम मागता येते. अर्ज दाखल झाला आहे. मुलाने नव्या करारात निधीची मागणी केली, ती मान्य झाली नाही. मग त्याने आई-वडिलांसाठी स्वतःची पॉलिसी घेतली आणि आईच्या गोळ्यांचा डबा आता तो दर रविवारी दूरध्वनीवरून मोजून घेतो. मागच्या भेटीत बाईंचा रक्तदाब १३४ आणि ८४ होता. तो आकडा त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतला.